कमरेच्या मागावरील संसार
माया स्त्रियांच्या विणकर सहकारी संस्था

कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली, चिमटीत कापड धरून ज्यांना सुताचा नंबर सांगता येतो, अशा सभासद बंधूंपुढे कापडाविषयी लिहिण्यास बसणे हे धारिष्ट्यच होय. तथापि प्रस्तुत लेखातील कापड नेहमीच्या व्यवहारातील नव्हे. ते वाराने मोजून विकता येत नाही. त्याचा तागा होत नाही. त्यास कात्री लावली की त्याचे मोल उतरते. आणि ते विणणाऱ्या बाईने आपल्या श्रमाची मजुरी बहुधा कोणत्याही वहीत कधी लिहिलेली नसते. असे हे कापड विकून संसारास हातभार लावण्याचा उद्योग मध्य अमेरिकेतील माया स्त्रियांनी गेली चार-पाच दशके सहकारी संस्थांच्या रूपाने चालविला आहे. तो उद्योग व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगा आहे. दलाली, भांडवल, उधारी, माल पडून राहणे, नक्कल हे आपल्या परिचयाचे सगळे प्रश्न त्यात आहेत. त्यांची उत्तरे मात्र पुष्कळ वेळा आपल्या अपेक्षेप्रमाणे निघत नाहीत.

माया हे नाव ऐकले की जंगलात गडप झालेली दगडी देवालये डोळ्यांपुढे येतात, आणि ती संस्कृती लयास गेली तसे ते लोकही नाहीसे झाले असावेत अशी समजूत होते. ती खरी नाही. ग्वातेमाला देशाच्या २०१८ च्या शिरगणतीत शेकडा ४१ हून अधिक लोकांनी आपण माया असल्याचे नोंदविले. त्या एका देशात २० हून अधिक माया भाषा आजही बोलल्या जातात. शेजारच्या मेक्सिकोतील चियापास प्रांताच्या डोंगराळ भागात त्सोत्सिल आणि त्सेल्ताल भाषा बोलणारे माया लोक मोठ्या संख्येने आहेत. मका हे यांचे मुख्य पीक आणि मक्याची भाकरी हे मुख्य अन्न. पुरुषाने शेतात मका पिकवावा आणि स्त्रीने घरात कापड विणावे, अशी श्रमाची जुनी वाटणी.

या कापडाचा माग प्रथम समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारा हिशेब त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडील विणकराचा माग म्हटला की खड्डा, पायाखालच्या पट्ट्या, फणी, धोटा आणि जागचा न हलणारा सांगाडा असे चित्र उभे राहते. माया स्त्रीच्या मागास सांगाडाच नाही. काही काठ्या, एक दोरी आणि एक पट्टा एवढेच त्याचे सामान. ताण्याचे एक टोक दोरीने झाडास किंवा घराच्या खांबास बांधायचे, दुसऱ्या टोकाची काठी पट्ट्याने आपल्या कमरेमागे अडकवायची आणि गुडघे टेकून जमिनीवर बसायचे. बाई किंचित मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. म्हणजे त्या मागाचा एक भाग खुद्द बाईचे शरीरच होय. काम संपले की सगळा माग गुंडाळून कोपऱ्यात उभा करता येतो. नागालँड आणि मणिपूर येथील स्त्रियाही याच जातीच्या मागावर विणतात, हे वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही व्यापाराशी निगडित आहेत. पहिली, कापडाचा पन्हा बाईच्या हातांच्या पल्ल्याएवढाच राहतो. मोठे वस्त्र हवे असेल तर दोन किंवा तीन पट्टे विणून ते जोडावे लागतात. दुसरी, ताणा दोन्ही टोकांच्या काठ्यांवरून फिरविलेला असल्याने कापडास चारही बाजूंनी पक्का काठ साधता येतो. विणकर आरंभापासूनच नेमक्या वस्तूचे माप मनात धरून विणते. म्हणूनच येथे तागा हा प्रकार संभवत नाही. तिसरी गोष्ट अशी की हा माग भांडवल मागत नाही, मागतो तो वेळ. चूल, मुले, मक्याचे दळण आणि पाणी यांतून जो वेळ उरेल त्यात तो मांडता येतो. गरिबाच्या घरी तो टिकला तो याच गुणामुळे आणि त्याच्या मजुरीचा हिशेब कधी झाला नाही तोही याच गुणामुळे.

या मागावर मुख्यतः विणतात ते उइपिल. उइपिल म्हणजे स्त्रियांचे चोळीसारखे, परंतु सैल आणि बिनकळीचे अंगातील वस्त्र. पट्टे जोडून मध्ये डोके जाण्यापुरते भोक ठेवायचे, एवढीच त्याची शिवण. सारे वैभव असते ते विणीत. ताण्या-बाण्याच्या मध्ये निराळे रंगीत सूत बोटांनी किंवा बारीक काडीने घालून नक्षी उठवितात. दुरून पाहणारास ते भरतकाम वाटते, पण त्यात सुई नसते. खरे भरतकाम निराळे. गळ्याभोवती रेशमी किंवा सुती धाग्याने ते करतात, आणि चियापासमधील सिनाकान्तान गावच्या स्त्रिया तर अलीकडे शिवणयंत्रावर फुलांचे भरघोस भरतकाम करू लागल्या आहेत. पूर्वी वस्त्रावरून गाव ओळखता येत असे. आजही जाणत्यास पुष्कळ अंशी ओळखता येते. ही परंपरा किती जुनी आहे याचा पुरावा दगडात आहे. याश्चिलान येथील एका देवालयाच्या दारावरील शिल्पपट्टीत इ. स. ७०९ मधील एक विधी कोरलेला आहे. त्यातील राणीच्या अंगावर चौकटीच्या आकृत्यांनी भरलेले उइपिल असून चियापासच्या डोंगरात आज विणल्या जाणाऱ्या नक्षीशी त्याचे साम्य स्पष्ट दिसते. ती शिल्पपट्टी हल्ली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पुरुषही विणतात, पण ते स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पायाच्या मागावर. स्त्रियांच्या नेसण्याचे कोर्ते नावाचे लांबलचक वस्त्र त्यावर निघते, आणि ते मात्र आपल्या मालाप्रमाणे मापाने विकले जाते. सूत जागोजाग बांधून रंगविण्याची आणि मग विणण्याची जी रीत पाटणच्या पटोळ्यात किंवा हैदराबादजवळील पोचमपल्लीच्या साड्यांत आहे, तीच तेथे हास्पे या नावाने चालते. सालकाहा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

रंगांविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण त्यात आपल्या देशाचाही संबंध येतो. अठराव्या शतकात युरोपच्या बाजारात ग्वातेमालाच्या निळीस फार वरचा भाव होता. त्या शतकाच्या अखेरीस बंगालची नीळ पुढे आली आणि तिने त्या मालास मागे सारले. बंगालच्या रयतेवर त्या निळीने काय ओढवले, हे सर्वश्रुत आहे. निळीनंतर ग्वातेमालाने निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्याचा लाल रंग परदेशी पाठविण्यास आरंभ केला. पौंडभर रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, हा आकडा वाचून आपल्या वाचकांचा हात त्या लाल वस्त्रावरून आपोआप मागे येईल. कृत्रिम रंग निघाल्यावर तो व्यापारही बसला. याच्या उलट, चियापासमधील चामुला या गावच्या स्त्रिया मेंढ्या पाळतात, त्यांच्या लोकरीची घोंगडीवजा वस्त्रे विणतात, परंतु मेंढीस घरातील माणसाप्रमाणे नाव ठेवतात आणि खाण्यासाठी तिला मारणे निषिद्ध मानतात. मेंढी तेथे स्पॅनिश लोकांबरोबर आली. हा नियम मात्र त्या स्त्रियांचा स्वतःचा आहे.

घरच्यापुरते विणणारी बाई विकण्यासाठी कशी विणू लागली, हे पाहण्यास जमिनीचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल. १८७० नंतर ग्वातेमालात कॉफीच्या मळ्यांचे युग सुरू झाले. गावोगावच्या सामाईक जमिनी मळेवाल्यांकडे गेल्या, आणि माया पुरुषांस कधी कायद्याने तर कधी कर्जाने बांधून मळ्यांवर मजुरीस नेण्यात आले. डोंगरातील शेताचे तुकडे पिढीगणिक लहान होत गेले. १९३० च्या दशकात सोल टॅक्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने आतित्लान सरोवराकाठच्या पानाहाचेल गावी राहून तेथील घरोघरचा जमाखर्च मांडला. त्याचा ग्रंथ १९५३ साली निघाला, त्याचे नावच ‘पेनी कॅपिटॅलिझम’ असे आहे. पै-पैशाची भांडवलशाही, असे आपण म्हणू. कांद्याच्या वाफ्यापासून बाजारातील टोपलीपर्यंत सर्वत्र हे लोक नफातोटा पाहून वागतात, भावाची घासाघीस करतात, पण भांडवल एवढे तुटपुंजे की कितीही कसोशी केली तरी दारिद्र्य हटत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. आदिवासी म्हणजे व्यवहारशून्य, असे मानणाऱ्यांनी तो ग्रंथ अवश्य पाहावा.

पर्यटक वाढले तसा विणलेल्या मालास रोख पैसा मिळू लागला. चिचिकास्तेनांगो येथे गुरुवारी आणि रविवारी भरणारा बाजार परदेशी प्रवाशांत विख्यात झाला. परंतु डोंगरातील बाई आपले उइपिल घेऊन त्या बाजारात स्वतः क्वचितच जाई. ती गावात येणाऱ्या फेरीवाल्यास ते विके, तो मोठ्या दुकानदारास, आणि दुकानदार प्रवाशास. स्पॅनिश भाषा न येणारी, घरात दुखणे आले म्हणून घाईने विकणारी बाई भाव काय ठरविणार? ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे ग्वातेमालात भूकंप झाला आणि सुमारे २३,००० माणसे दगावली. त्यानंतरच्या काळात कित्येक कुटुंबांनी पेटीत जपलेली जुनी वस्त्रे मिळेल त्या किमतीस विकली.

त्याहून भयंकर संकट मनुष्यनिर्मित होते. १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे त्या देशात यादवी चालली. १९८० च्या आसपास लष्कराने डोंगरातील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ज्यांची ओळख पटली त्यांत शेकडा ८३ माया होती. सहकारी संस्था काढणे हेच त्या काळी संशयास कारण होई. त्यांच्या कित्येक पुढाऱ्यांचा बळी गेला. अंगावरील वस्त्र गाव सांगते, आणि गाव कळले तर जीव जातो, म्हणून अनेक स्त्रियांनी पिढीजात वस्त्र उतरवून परके कपडे घातले. जे वस्त्र ओळख म्हणून विणले, तेच लपवावे लागावे, याहून मोठी विटंबना कोणती?

या विध्वंसातून मागे राहिल्या त्या विधवा. शेत कसणारा गेला, कर्ज राहिले, मुले राहिली, आणि हातात कला एकच. १९८८ मध्ये ‘कोनाविग्वा’ ही विधवांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ती हक्कांसाठी आणि बेपत्ता झालेल्यांच्या शोधासाठी झगडली. त्याच वर्षी केत्सालतेनांगो शहरी ‘त्रामा’ ही केवळ विणकर स्त्रियांची संस्था उभी राहिली. त्रामा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ बाणा. सोलोला, वेवेतेनांगो, साकातेपेकेस, केत्सालतेनांगो आणि किचे अशा पाच विभागांतील १७ गट आणि सुमारे ४०० स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. त्यांच्या भाषा निराळ्या असल्याने आपसांतील कारभारास स्पॅनिशचा आधार घ्यावा लागतो. कमरेच्या मागावर विणलेला माल विकणे आणि परदेशी प्रवाशांस फी घेऊन विणकाम शिकविणे, अशी दोन्ही कामे ही संस्था करते.

चियापासमध्ये आरंभ आधी झाला. १९७० च्या दशकात सान क्रिस्तोबाल दे लास कासास या शहरी ‘स्ना होलोबिल’, म्हणजे त्सोत्सिल भाषेत विणकरणीचे घर, ही संस्था निघाली. तिने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. स्वस्त माल करून विक्री वाढविण्याऐवजी तिने जुने नमुने गोळा केले, वृद्ध स्त्रियांकडून विसरत चाललेल्या विणी तरुणींस शिकविल्या, आणि उत्तम मालास उत्तम भाव हे तत्त्व धरले. १९९६ मध्ये त्याच भागात ‘होलोम मायाएतिक’ ही स्त्रियांची दुसरी संस्था सुरू झाली. आतित्लान सरोवराकाठी सान हुआन ला लागुना येथील त्सुतुहिल स्त्रियांनी निराळा मार्ग काढला. झाडपाल्याच्या रंगांत रंगविलेले सूत हे त्यांच्या गटांचे वैशिष्ट्य. शेंदरीच्या बियांचा केशरी, साकातिन्ता नामक झुडपाच्या पानांचा निळसर, असे रंग काढून ते पक्के करण्यासाठी त्या केळीच्या खुंटाचा रस वापरतात.

आता हिशेबाकडे वळू. येथेच या संस्थांची खरी परीक्षा आहे, आणि येथेच त्यांचे गुणगान करणारे बहुतेक लेख हात राखून बोलतात.

दाट नक्षीचे एक उइपिल विणण्यास घरकाम सांभाळून महिने जातात. समजुतीसाठी एक काल्पनिक खाते मांडू. सगळे मिळून ४०० तास लागले, सुतास ६०० केत्साल पडले (केत्साल हे तेथील नाणे, एका डॉलरास साधारण पावणेआठ), आणि वस्त्र २,००० केत्सालांस विकले गेले. सूत वजा जाता उरले १,४००. आठ तासांचा दिवस धरला तर ५० दिवसांचे हे वेतन, म्हणजे दिवसास २८ केत्साल. त्या देशाचे सरकारी किमान वेतन अलीकडे दिवसास शंभर केत्सालांच्या पुढे गेले आहे. आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. मजुरी पूर्ण धरून भाव लावला तर गिऱ्हाईक मिळत नाही, आणि गिऱ्हाईक मिळेल असा भाव लावला तर मजुरी सुटत नाही.

मग बाई विणते का? कारण तिच्या त्या तासांना दुसरे गिऱ्हाईक नाही. ज्या वेळात ती विणते त्या वेळात तिला मजुरीस जाता येत नाही. मूल पाठीशी असते, चूल पेटलेली असते. अर्थशास्त्री याला काहीही म्हणोत, घरात येणारे ते रोख पैसे मीठ, साबण, औषध आणि मुलांच्या वह्या यांस पुरतात. आमच्या वडिलांच्या वेळी पेढीवर विणकरांस सूत तोलून द्यावयाचे आणि कापड तोलून घ्यावयाचे असा परिपाठ होता. त्या वह्यांत सुताची तूट छटाकापर्यंत लिहिलेली आहे. विणकराच्या बायकोने रात्री जागून कांड्या भरल्या, त्याची नोंद एकाही पानावर नाही. तेव्हा माया बाईचा हिशेब अपुरा म्हणून हसण्याचा अधिकार आपणांस आहे असे मला वाटत नाही.

सहकारी संस्थेने या खात्यात नेमका काय बदल केला? विक्रीची किंमत तिने थोडी वाढविली हे खरे, पण ते तिचे मुख्य काम नव्हे. घाऊक भावाने सूत आणून सभासदांस देणे हा पहिला लाभ. खेड्यातील दुकानात लडी-लडीने उधार घेतलेले सूत नेहमीच महाग पडते. दुसरा लाभ उचलीचा. न्याय्य व्यापाराची जी आंतरराष्ट्रीय तत्त्वे हस्तकलेच्या खरेदीदारांसाठी ठरली आहेत, त्यांत विणकराने मागितल्यास निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर बिनव्याजी द्यावी, असा दंडक आहे. भांडवल नसलेल्या बाईस भावातील दहा टक्क्यांपेक्षा ही उचल अधिक मोलाची. तिसरा लाभ वस्तूंच्या निवडीचा. परदेशातील बाईस उइपिल घालून कोठे जावयाचे? तिला हवा गळपट्टा, पिशवी, मेजावरची लांब पट्टी, उशीचा अभ्रा. या वस्तू थोड्या दिवसांत विणून होतात, नक्षी विरळ असते, त्यामुळे तासाची मजुरी उइपिलाहून पुष्कळ बरी सुटते. गमतीची गोष्ट अशी की कलेच्या दृष्टीने जे कमी दर्जाचे, ते उत्पन्नाच्या दृष्टीने अधिक लाभाचे ठरते. हा पेच कोणत्याही संस्थेस पूर्णपणे सुटलेला नाही.

दलालास हटविले, असे या संस्थांविषयी फार अभिमानाने सांगितले जाते. धंद्यात मुरलेल्या माणसास ते विधान तपासून घ्यावेसे वाटते. फेरीवाल्याने बाईस नाडले असेल, परंतु तो पायी डोंगर चढून येत होता, माल रोखीने घेत होता, न खपलेल्या मालाचा तोटा सोसत होता. संस्था आली तेव्हा ही कामे नाहीशी झाली नाहीत, ती संस्थेकडे आली. रंग एकसारखा आहे की नाही हे पाहणे, मापात कमी भरलेला गळपट्टा परत करणे (आणि तोही शेजारणीचा), परदेशी पत्रव्यवहार, बांधणी, जकात, माल पडून राहिला तर त्यात अडकलेले पैसे, हे सर्व कोणीतरी केलेच पाहिजे, आणि करणारास वेतन दिलेच पाहिजे. ज्या संस्थांनी हे ओळखले त्या टिकल्या. ज्या केवळ परदेशी देणगीवर चालल्या, त्या देणगी आटताच मिटल्या. माझ्या मते संस्थेचे श्रेय दलाली नष्ट करण्यात नसून ती दलाली कोणाकडे जाते हे विणकरणीस वहीत दाखविण्यात आहे. पूर्वी तिला तो आकडा कधीच दिसत नव्हता.

हा बदल घरातही सहजासहजी पचला नाही. सभेसाठी शहरात जाणारी, रात्री तेथेच राहणारी, आपल्या नावावर पैसे घेणारी सून ही सासर-माहेर दोन्हींकडे टीकेचा विषय होते. हे आपल्याही घरांत कळण्यासारखे आहे. चियापासमधील अमातेनांगो गावी स्त्रियांची संस्था होती ती विणकामाची नव्हे, मडक्यांची. पण दाखला येथे लागू पडतो. १९७० च्या दशकात तिच्या अध्यक्षेने संस्थेचा कारभार हाती घेऊन गावच्या राजकारणातही पाऊल टाकले, आणि तिचा खून झाला. जून नॅश या विदुषींनी त्या गावाचा अनेक वर्षे अभ्यास करून ही हकीकत लिहून ठेवली आहे. आज परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. पत्नीच्या कमाईतून घराचे छप्पर झाले, मुलगी शाळेत गेली, हे दिसल्यावर पुष्कळ पतींचा विरोध मावळला.

बाजार मात्र निवळलेला नाही. अमेरिकेतून वापरलेल्या कपड्यांच्या गाठी ग्वातेमालात येतात, त्यांना तेथे पाका म्हणतात. गाठीतील सदरा उइपिलाच्या किमतीच्या अल्पांशात मिळतो, म्हणून गरीब माया घरांतील मुली तोच घालतात. दुसरीकडे यंत्राने छापलेल्या नकली उइपिलांचा सुळसुळाट झाला आहे. दुरून रंग हुबेहूब, जवळ गेले की नुसता छाप. ग्राहक परका प्रवासी असला म्हणजे आणखी एक धोका असतो. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये सशस्त्र उठाव झाला तेव्हा प्रवाशांनी तिकडे पाठ फिरविली. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे ग्वातेमालाच्या सीमा बंद झाल्या आणि विणकामाचे वर्ग, दुकाने, बाजार एका दिवसात ओस पडले. ज्या संस्थांकडे परदेशातील ठरलेले खरेदीदार होते, किंवा ज्यांना संगणकावरून माल विकण्याची रीत साधली, त्यांनी तग धरला. बाकीच्यांतील स्त्रिया विणलेला माल घरात ठेवून मक्याच्या शेतात गेल्या.

सध्या सर्वांत तीव्र वाद आहे तो नक्षीच्या मालकीचा. २०१८ मध्ये चियापासमधील आग्वाकातेनांगो गावच्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने अशी तक्रार पुढे आली की त्यांच्या कशिद्यासारखा सदरा एका बड्या परदेशी कंपनीने आपल्या नावाने विकावयास ठेवला. त्यापूर्वी, २०१६ मध्ये, ग्वातेमालातील साकातेपेकेस विभागाच्या ‘आफेदेस’ या स्त्रीसंस्थेने आणि तिच्या पुढाकाराने जमलेल्या विणकर स्त्रियांनी देशाच्या घटना न्यायालयात दाद मागितली, आणि माया वस्त्रांवरील गावांचा सामूहिक हक्क मान्य करणारे विधेयक त्याच वर्षी कायदेमंडळापुढे नेले. मेक्सिकोने १७ जानेवारी २०२२ रोजी मूळ रहिवासी समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा प्रसिद्ध केला. त्यानुसार त्या त्या समाजाच्या संमतीविना अशा नक्षीचा व्यापारी उपयोग करणे हा अपराध ठरतो.

व्यापारचिन्हाची नोंदणी करणाऱ्या आपल्या बंधूंस यातील अडचण तत्काळ ध्यानात येईल. चिन्ह एका पेढीचे असते. नक्षी संपूर्ण गावाची आहे, कधी दोन शेजारी गावांची, आणि ती प्रथम कोणी विणली हे कोणासच ठाऊक नाही. संमती द्यावयाची झाल्यास तिच्यावर सही कोणाची घ्यावी? गावच्या पंचांची, की विणणाऱ्यांची? पंच बहुधा पुरुष असतात. विणकरणी संस्थेच्या सभासद असतात, परंतु गावातील प्रत्येक विणणारी बाई सभासद नसते. उद्या एखाद्या कंपनीने मोबदला देऊ केला तर तो संस्थेच्या खात्यात जमा व्हावा, गावच्या खात्यात, की घरोघर वाटला जावा? संस्थांच्या बैठकांत आता सुताच्या भावाबरोबर या प्रश्नाचीही चर्चा होते. तोवर कित्येक संस्थांनी एक साधा उपाय चालू ठेवला आहे: प्रत्येक वस्तूस एक लहानशी चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर विणणारीचे नाव आणि तिच्या गावाचे नाव लिहायचे.